नाणेघाटातला यज्ञांचा हिशेब आणि राखीगढीची बाई

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की टोकावडे ओलांडल्यावर वैशाखरे येतं. तिथून रानातून चढत गेलं की नाणेघाटाची खिंड. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे मुंबईकरांची जत्रा असते. बहुतेकांची भेट धबधबा आणि फोटो यांवर आटोपते. खिंडीच्या तोंडाशी खोदलेल्या लेण्याच्या भिंतींवर मात्र दोन हजार वर्षांपूर्वीचा एक हिशेब कोरलेला आहे: कोणता यज्ञ केला आणि त्याची दक्षिणा किती दिली.

हा हिशेब सातवाहनांच्या एका राणीचा. अभ्यासक तिला नागनिका म्हणतात. लेख ब्राह्मी लिपीत आहे आणि त्याचा काळ बहुतेक जण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक मानतात. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना वंदन आहे. पुढे अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम अशी यज्ञांची नावं येतात आणि त्यांच्या जोडीला दक्षिणेचे आकडे. गाई हजारांच्या हिशेबात, शिवाय हत्ती, घोडे, गावं आणि कार्षापण नावाची नाणी. १८८३ साली ग्योर्ग ब्यूलर या जर्मन संस्कृतज्ञानं या लेखाचं वाचन प्रसिद्ध केलं. त्यातले आकडे गणिताच्या इतिहासकारांनाही मोलाचे वाटतात. काहींची वळणं तर आजच्या अंकांची आठवण करून देतात.

गंमत अशी की वेदोक्त यज्ञांची ही यादी संस्कृतात नाही. ती प्राकृतात आहे, म्हणजे ज्या घराण्यातून पुढे मराठी निघाली त्या भाषेत.

ऋग्वेदाची रचना सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वी १५०० ते १००० या काळातली धरली जाते आणि त्याचा भूगोल सप्तसिंधूचा, पंजाबच्या आसपासचा आहे. त्यात सिंधू येते, सरस्वती येते, वितस्ता येते. गोदावरी येत नाही. मग हजार वर्षांत हे इंद्र-वरुण सह्याद्रीच्या माथ्यावर कसे पोचले? माणसांबरोबर आले, की नुसते वाटेनं आले? आणि पंजाबात तरी ते मुळातच होते, की तिथेही कुठून तरी आले? या शेवटच्या प्रश्नावर आपल्याकडे दीडशे वर्षं भांडण चालू आहे.

भांडणात मराठी माणसं पहिल्यापासून पुढे आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त मांडलं की आर्यभट इराणकडून आले आणि त्यांनी बळीराजाची भूमी जिंकली. त्यांचा रोख अर्थात पुराणवस्तूंवर नव्हता, डोळ्यांपुढच्या जातिव्यवस्थेवर होता. टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये मृगशीर्षात वसंतसंपात असल्याचे उल्लेख धरून वेदांचा काळ बराच मागे नेला आणि १९०३ मध्ये ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये आर्यांचं मूळ घर थेट उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवलं. पुण्याच्याच नारायण भवानराव पावगींना हे पटलं नाही. १९१५ साली त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहून आर्यांचा पाळणा सप्तसिंधूतच हलत होता असं प्रतिपादन केलं. आणि १९४६ मध्ये ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथात बाबासाहेब आंबेडकरांनी ऋग्वेदातलेच शब्द तपासून, आर्य हा एक वंश होता आणि त्यानं बाहेरून स्वारी केली ही कल्पना नाकारली. चौघांची दिशा चार बाजूंना, साधन मात्र मुख्यतः एकच: ग्रंथ. ज्याला जे हवं ते त्यात सापडण्याची सोय होती, असं आज म्हणता येतं.

ग्रंथ बाजूला ठेवून माणसं मोजायला निघाल्या त्या इरावती कर्वे. डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्रभर डोकी, नाकं, उंच्या मोजल्या. १९६८ मध्ये के. सी. मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची तुलना प्रसिद्ध केली. समाजात एकाच पायरीवर उभे असलेले हे गट शरीरानं बरेच वेगवेगळे निघाले. एका मूळ जातीचे तुकडे पडत पडत पोटजाती झाल्या, हे रूढ गृहीत त्यानं डळमळीत झालं. पुढे जनुकशास्त्रानं जे सांगितलं त्याची चाहूल या मोजपट्टीला आधीच लागली होती.

भाषेचा पुरावा त्याहून जुना आणि माझ्या मते अजूनही सर्वांत भक्कम आहे. आजच्या सीरिया-तुर्कस्तानच्या सीमाभागात मितान्नी नावाचं राज्य होतं. त्याच्या इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या एका तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांची साक्ष आहे. त्याच सुमाराच्या घोडे शिकवण्याच्या एका पुस्तिकेत फेऱ्यांचे आकडे ‘ऐक’, ‘तेर’, ‘पांझ’, ‘सत्त’ असे येतात. एक, तीन, पाच, सात! पंजाबपासून हजारो किलोमीटरवर हे शब्द सापडतात, त्याअर्थी ही भाषा बोलणारे लोक कुठून तरी दोन दिशांना गेले असणार. संस्कृत, इराणी, ग्रीक, लॅटिन, लिथुआनियन ही सगळी भावंडं; त्यांची वंशावळ मांडली तर मूळ भारतात ठेवणं बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना जमत नाही.

पण त्याच भाषेत उलट दिशेचा पुरावाही आहे. नांगराला ऋग्वेदात ‘लाङ्गल’ म्हटलंय. हा शब्द त्या भावंडांपैकी कुणाच्या घरचा नाही. तो इथल्या शेतकऱ्यांकडून घेतलेला दिसतो. ट, ठ, ड, ढ, ण हे जीभ वळवून काढायचे उच्चार युरोपातल्या बहिणींकडे नाहीत, द्राविडी भाषांत मात्र भरपूर आहेत. मिशिगन विद्यापीठात शिकवणारे मराठी संस्कृतज्ञ माधव देशपांडे यांनी तर असा प्रश्न विचारला, की हे उच्चार मूळ ऋचांत होते की पाठांतराच्या काही शतकांत पाठ करणाऱ्यांच्या जिभेनं ते आत आणले? शहापूर तालुक्यातलं किन्हवली घ्या किंवा पलीकडची डोंबिवली, बोरिवली, कांदिवली. नावातलं हे ‘वली’ द्राविडी ‘पळ्ळी’शी, म्हणजे वस्ती या अर्थाच्या शब्दाशी, नातं सांगतं असं भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांचं मत आहे. रोज लोकलच्या उद्घोषणेत ते नाव ऐकताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, एवढंच.

आता जनुकांकडे येऊ. सप्टेंबर २०१९ मध्ये एकाच वेळी दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. पहिला ‘सेल’ या नियतकालिकात, डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालच्या गटाचा. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या मोठ्या नगराच्या दफनभूमीतून ६१ नमुने घेऊन त्यांतून डीएनए काढण्याचा प्रयत्न झाला. आपल्या उष्ण, दमट हवेत डीएनए टिकत नाही. कानामागच्या दगडासारख्या टणक हाडात तो असलाच तर असतो. ६१ पैकी एका नमुन्यातून कामापुरता डीएनए मिळाला. तो होता साडेचार हजार वर्षांच्या आसपासच्या एका बाईचा. सिंधू संस्कृतीबद्दल जनुकांनी जे सांगितलं त्यातलं बरंचसं या एका बाईनं आणि मध्य आशिया व इराणमधल्या दफनभूमींत सापडलेल्या तिच्यासारख्या अकरा जणांनी सांगितलं आहे.

तिच्यात दोन प्रवाह होते. एक भारतीय उपखंडातल्या प्राचीन शिकारी-संकलकांचा, दुसरा इराणच्या प्राचीन लोकांशी दूरचं नातं असलेला. पण हा दुसरा प्रवाह इराणमध्ये शेती सुरू होण्याच्या आधीच तिथल्या लोकांपासून वेगळा झालेला. म्हणजे शेती घेऊन इराणहून लोंढे आले, हे जुनं चित्र तिनं खोडलं. आणि युरोप-आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या, ज्याला स्टेप म्हणतात तिथल्या पशुपालकांचा अंश तिच्यात अजिबात नव्हता.

दुसरा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. त्यात ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएचा अभ्यास होता आणि त्याच्या लेखकांतही शिंदे होते. त्यानं दाखवलं की स्टेपचा अंश इसवी सनापूर्वी २००० नंतरच्या शतकांत दक्षिण आशियात येऊ लागला. आज तो बहुतेक भारतीय गटांत कमी-अधिक आहे. उत्तरेतल्या काही गटांत ३० टक्क्यांपर्यंत जातो. परंपरेनं पौरोहित्य करणाऱ्या काही गटांत तो अपेक्षेपेक्षा जास्त आढळतो.

दुसऱ्या दिवशी बातम्यांचे मथळे आले: राखीगढीनं आर्य-स्थलांतर खोटं ठरवलं! हे वाचन चुकीचं आहे असं स्पष्ट म्हटलं पाहिजे. १९८० सालच्या घरच्या फोटोत सून दिसत नाही, म्हणून ती या घरात आलीच नाही असं कुणी म्हणेल का? बाई आधीची; स्टेपचे लोक नंतरचे. तिच्यात तो अंश नाही आणि पुढच्यांत आहे, यावरून तो मधल्या काळात आला एवढंच निघतं. खुद्द ‘सेल’मधल्या निबंधातही म्हटलंय की इंडो-युरोपीय भाषा भारतात येण्याचा स्वाभाविक मार्ग पूर्व युरोपातून मध्य आशियामार्गे, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातला दिसतो.

तरी दुसऱ्या बाजूचे आक्षेप कचऱ्यात टाकण्यासारखे नाहीत. स्वारीचा पुरावा खरंच नाही. मोहेंजोदडोत सापडलेल्या सांगाड्यांवरून मॉर्टिमर व्हीलर यांनी ‘इंद्रावर आरोप’ ठेवला होता. तो पुढे हाडांच्या अभ्यासकांनीच फेटाळला. केनेथ केनेडी आणि जॉन लुकाच यांनी कवट्या आणि दात तपासले, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात वायव्य भारतात लोकसंख्या एकदम बदलल्याची खूण त्यांना दिसली नाही. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या सिनौलीत सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची चाकांची वाहनं सापडली. उत्खनन करणाऱ्यांनी त्यांना रथ म्हटलं. चाकं भरीव आहेत आणि घोड्याचा सांगाडा नाही म्हणून इतरांना त्या बैलगाड्या वाटतात. शिवाय प्राचीन स्टेप अंशाचे उपखंडातले जुने नमुने मुख्यतः पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातले आहेत. ज्या काळात आणि ज्या पंजाब-हरियाणात ऋग्वेद घडला असं मानतात, तिथला डीएनए अजून हाती नाही. आणि हाडात भाषा नसते. स्टेपचा अंश म्हणजे ‘आर्य’ असं समीकरण प्रयोगशाळेत सिद्ध करता येत नाही. ते भाषेच्या पुराव्याशी जोडून केलेलं अनुमान आहे. चांगलं अनुमान आहे, इतकंच.

मग माझं मत? माणसं आली, हे आता मान्य करायला हवं. फौजा आल्या नाहीत, हेही. एकेका पिढीत थोडी थोडी, गुरांमागून, बहुधा पुरुष जास्त. आज भारतीयांची आईकडून येणारी जनुकीय वंशरेषा बहुतांशी इथली जुनी आहे आणि बाहेरची खूण बापाकडच्या रेषेत अधिक दिसते. आणि वैदिक संस्कृती म्हणून आपण जे ओळखतो ते घडलं इथेच, इथल्या नद्यांकाठी, इथला नांगर उचलून. ‘बाहेरची की इथली’ असं विचारणाऱ्याला दोन्हीपैकी एकच उत्तर हवं असतं. पुरणपोळीतलं पुरण खरं की पोळी, असं विचारण्यासारखं ते आहे.

तानसाच्या खोऱ्यात आलं की या वादातली एक गोष्ट फार चटकन कळते. १८९२ साली बांधून झालेलं तानसा धरण मुंबईला पाणी देतं. त्याच्या भोवतीच्या अभयारण्यात आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी राहतात. रानाशी, डोंगराशी यांचं नातं किती जुनं आहे हे वेगळं सांगायला नको. आणि बोली? वारली, कातकरी, ठाकरी या सगळ्या इंडो-आर्य, म्हणजे मराठी-गुजरातीच्या कुळातल्या. यांच्या पूर्वजांनी कधीतरी दुसरी भाषा सोडून ही घेतली असणार. भारतभर आदिवासी गटांत स्टेपचा अंश सहसा कमी आढळतो, पण भाषा मात्र कुठे या कुळातली, कुठे त्या. भाषेला पसरायला रक्ताची गरज नसते. बाजार, राज्य आणि रस्ता पुरतो.

रस्ता इथे होताच. सोपारा आणि कल्याण ही बंदरं. तिथून मुरबाडवरून नाणेघाट, घाटावर जुन्नर, पुढे पैठण. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी शोधला. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात प्राकृत इथवर पोचली होती. दोनेकशे वर्षांनी त्याच वाटेवर राणी यज्ञांचा हिशेब कोरते. सातवाहन गवताळ प्रदेशातून आले असं कुणी म्हणत नाही. दख्खनचं हे घराणं यज्ञ करून, दक्षिणा देऊन वैदिक परंपरेत आपली जागा पक्की करत होतं. भाषा, देव, कर्मकांड असे हातोहात जातात.

त्या दख्खनच्या आधीच्या शेतकऱ्यांचाही मागमूस आपल्याकडे आहे. शिरूरजवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बारा-चौदा वर्षं उत्खनन केलं. ऋग्वेदाच्या काळात तिथे लोक जव पिकवत होते आणि दगावलेल्या मुलांना दोन मडक्यांची तोंडं जुळवून घराच्या जमिनीखाली पुरत होते. त्यांच्या सांगाड्यांतून आजार, आहार, दातांची कीड यांबद्दल पुष्कळ कळलं. ते कोणती भाषा बोलत होते हे कुठल्याच हाडानं सांगितलेलं नाही.

हे सगळं आरोग्याच्या पानावर कशाला, असा प्रश्न कुणाला पडला असेल. कारण मिसळणं थांबल्यावर काय झालं, ते दवाखान्यात दिसतं. २०१३ च्या एका अभ्यासानुसार भारतातल्या उत्तर आणि दक्षिणेकडच्या प्राचीन वंशधारांची सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाली. जवळजवळ कुणीच तिच्याबाहेर राहिलं नाही. त्यानंतर जातीतच लग्नं करण्याची प्रथा घट्ट झाली. कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये ते सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, गुप्त काळाच्या आसपास घडलं असं अनुमान काढलं. २०१७ मध्ये २६३ भारतीय गटांच्या तपासणीत ८१ गट असे निघाले, की थोड्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण त्यांच्यात फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक आहे. त्यांतल्या १४ गटांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांच्या वर आहे. अशा गटात आई आणि बाप दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. लग्न नात्यात नसलं तरी.

सिकल सेलचा आजार हे ओळखीचं उदाहरण. हा जनुक एका पालकाकडून आला तर माणूस वाहक होतो. त्याला सहसा त्रास नसतो, उलट मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणूनच मलेरियाच्या रानपट्ट्यांत तो टिकून राहिला. दोघेही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के. जी६पीडी या विकराची कमतरताही अशाच पट्ट्यांत जास्त आढळते आणि ती असलेल्या माणसाला मलेरियावरचं प्रायमाक्विन दिलं तर तांबड्या पेशी फुटू शकतात. दुधाचंही तसंच. मोठेपणी दूध पचवू देणारा जो जनुकबदल युरोपात आहे तोच भारतात आहे, आणि २०११ च्या एका देशव्यापी अभ्यासात तो वायव्येकडे जास्त, दक्षिण-पूर्वेकडे कमी होत गेलेला दिसला. स्टेपच्या गुराख्यांच्या वाटेचाच हा नकाशा. ज्याला पेलाभर दुधानं पोट फुगतं, गुरगुरतं त्यानं स्वतःला नाजूक समजू नये. त्याच्याकडे तो बदल नाही. दह्या-ताकात दुधातली साखर कमी झालेली असते, ती चालतात.

‘मूळचे कोण’ या प्रश्नाचा वापर एकमेकांना घराबाहेर काढण्यासाठी होतो, म्हणून एक गोष्ट नोंदवून ठेवतो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर स्थलांतर म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीची घटना नव्हे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर ‘जगायला’ जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. २००६ च्या वन हक्क कायद्यात त्यांच्या कसत्या जमिनीचा दावा १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्यावर ठरतो. तिथे हाडातला डीएनए कुणी मागत नाही. मागतात तो कागद, आणि तो जमवताना भट्टीवर गेलेले महिने आड येतात. त्याच महिन्यांत मुलाची शाळा सुटते, लस चुकते आणि सिकल सेलची तपासणी करायला पाड्यावर आलेल्या पथकाला घराला कडी दिसते. ही तपासणी सरकारी आरोग्य यंत्रणेत मोफत होते. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर प्राथमिक चाचणी होते आणि ती सदोष आली तर पुढची खात्रीची चाचणी. लग्न ठरवण्याआधी ती करून घेतलेली बरी, आणि वाहक असल्याचं कळलं म्हणून लग्न मोडायचं कारण नाही. दोघेही वाहक आहेत का एवढं पाहायचं.